पेन्सिलीने

पहिला सामना आम्ही एकतीस-दोनने जिंकलो.
त्यानंतर अठरा हरलो.
तेरा एका धावेने, चार दोनने, एक चारने.
बेरीज करून बघा, मी तीनदा केली:
सगळा हंगाम धरला
तर आम्ही चार धावांनी पुढे आहोत.
पठारे सरांना हे सांगितलं.
ते म्हणाले, पानवलकर मॅडम,
हे बाहेर कुठे बोलू नका.

तळजाईच्या पठारावर दर रविवारी
मी स्कोअरची वही मांडीवर घेऊन बसते.
फिरायला आलेले कुणी काठी टेकवून विचारतात,
क्रिकेट का?
नाही, बेसबॉल.
हरताय वाटतं?
हे मात्र बरोबर ओळखतात.

एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं.
दर जूनमध्ये पहिल्या वर्गाला एकच गृहपाठ:
रुपया दोनशे वेळा उडवा, छापा-काटा लिहून आणा.
अर्धी मुलं कंटाळा करून घरी बसल्या बसल्या लिहायची,
आणि मी कागद हातात घेताच त्यांना उभं करायची.
त्यांचा छापा सलग चारदा आला
की त्यांनाच संकोच वाटायचा, लगेच काटा.
खोटं लिहिणारा माणूस फार न्यायी असतो.
खरा रुपया सहा-सातदा तेच तोंड दाखवतो,
त्याला कुणाची भीड नाही.

पण अठरा?
अठरा म्हणजे दोन लाख बासष्ट हजारांत एकदा.
मग मी रात्री वहीच्या मागे लिहीत बसते:
किती गावं, किती मैदानं, किती रविवार,
किती संघ आजवर हरून डबे धुऊन घरी गेले.
ही चिठ्ठी कुणाच्या तरी दारात पडणारच होती.
पोस्टमनने आमची कडी वाजवली, इतकंच.
हे पटतं मला.
रेशम कांबळेला पटत नाही,
ती तिसऱ्या हरण्यापासून डावा मोजा उलटा घालते.
तिची आई म्हणते साडेसाती.
भेळवाले गुलाबराव काही म्हणत नाहीत.
जिंकलात तर सगळ्यांना भेळ फुकट, हा त्यांचा शब्द,
आणि आठ महिने त्यांना तो सांभाळणं
अजिबात जड गेलेलं नाही.

एकोणिसाव्याच्या सकाळी शबाना बागवान
खांदा चोळत शेजारी येऊन बसली.
मॅडम, आज चान्स किती?
निम्मा.
अठरा हरल्यावर पण?
अठरा हरल्यावर पण. बॉलला काही आठवत नाही.
ती जरा गप्प राहिली.
बॉलला नसेल, म्हणाली.

दहाला सामना. साडेदहा. अकरा.
साताऱ्याची गाडी खंबाटकीत बंद पडली होती.
बारा वाजता पंचांनी घड्याळ बघितलं,
नियम वाचला, हात वर केला:
सात-शून्य. तुम्ही जिंकलात.

कुणी ओरडलं नाही.
तिकडे झाडीत एक मोर ओरडला, तो स्वतःच्या कामाने.
गुलाबराव म्हणाले, खेळलाच नाहीत, तर जिंकलात कशा?
पठारे सर म्हणाले, नियम आहे.
गुलाबराव म्हणाले, भेळेला नियम नाही.
मी वही उघडली, पेन बंद केलं,
आणि पेन्सिलीने लिहिलं: जिंकलो.
रांग तुटली की नुसती वाकली,
एवढ्या वर्षांच्या नोकरीत
असा प्रश्न मी कुठल्याच पेपरात घातला नव्हता.

मग रेशमच म्हणाली, डबे आणलेत, उन्हात आलोय,
आपल्यातच खेळू.
नऊ नव्हत्या दोन्हीकडे. सात आणि सात.
डावीकडे सर उभे राहिले, उजवीकडे पंच.
उन्हं कलेपर्यंत चाललं,
आणि आठ महिन्यांत प्रथमच
मला आकडेमोड न करता ठाऊक होतं
की आज आमच्यातलं कुणीतरी जिंकणार.

जिंकली रेशमची बाजू. एका धावेने.
तिने मोजा तिथेच काढून सुलटा केला.
गुलाबराव पुटपुटत कांदा चिरायला लागले,
सात प्लेट, फक्त सात, म्हणाले.

शबाना माझ्या वहीत डोकावली.
माझं एकोणिसावं झालं ना, मॅडम?
हे धरत नाहीत गं, मी म्हटलं.
धरा, ती म्हणाली,
आणि रेशमच्या प्लेटमधली कैरी उचलली.