फोन मुळांजवळ धर

नोव्हेंबरचा दुसरा रविवार.
हॅमिल्टनमध्ये सरोवरावरचं वारं
पोलादाच्या भट्ट्यांचा वास घेऊन येतं
आणि आमच्या गल्लीतले उरलेसुरले सिसिलियन म्हातारे
आपापलं अंजीर मातीआड करतात.
यंदा आमच्या परसात मी.
पापा वृद्धाश्रमात, तिसऱ्या मजल्यावर.
त्यांचा आवाज कुंपणाच्या खांबावर टेकवून ठेवलाय.

"पानं गळली सगळी?"
गळली. शेंड्याला एक अडून बसलंय.
"राहू दे. आईवर गेलंय तुझ्या."

सुतळी नको, सालीत रुतते.
आईचे नायलॉनचे मोजे घे, खालच्या खणातले.
(नऊ वर्षं झाली तिला जाऊन.
खण उघडला, तर मोजे
घड्या घालून वाट पाहत होते.)
फांद्या मुठीत आवळून बांधल्या.
मनगटाएवढं खोड;
त्याहून जाड झालं की पापा कापायचे
आणि बुडातून नवं धरायचे.

"आता डाव्या हाताची मुळं तोड.
उजवीकडची सोड, ती बिजागरी."
मी शाळेची बस चालवते. डावं-उजवं कळतं मला.
पण कुणाचा डावा हात,
घराकडे तोंड करून की पाठ करून,
हे विचारायचं राहिलं.
कुदळीच्या पात्यावर पांढरा चीक.

"फोन मुळांजवळ धर.
आता वाकव. हळू.
चांगलं मूळ करकरतं, ऐकू येईल मला."
मी गुडघ्यांवर. एका हातात फोन,
दुसऱ्या हाताने झाड कवेत घेतलेलं,
करकर
करकर
टक.

"काय मोडलं?"
काही नाही पापा. फळी.
बराच वेळ नुसता श्वास.
"फळी," ते म्हणाले. "बरं."

चरात आडवं केलं. वर जुना गालिचा, प्लायवूड,
शेजारच्या मेपलची पोतंभर पानं, ताडपत्री,
आणि मूठ मूठ माती,
एरवी माणसांना देतो तशीच.

जानेवारीत, सूप गार होत असताना
पापा म्हणाले, ते गावाहून आणलेलं नाही.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट:
बोट, कोटाचं अस्तर, अस्तरात शिवलेली फांदी,
ओलं वर्तमानपत्र, कस्टमचा शिंकरा अधिकारी.
माझ्या लग्नात पाद्रीबुवांनीसुद्धा सांगितली होती.

"भट्टीवर आदेलिनो नावाचा पोर्तुगीज होता.
सिगारेटच्या दोन पाकिटांना दिलं त्याने.
तुझी आई पहिल्या हिवाळ्यात रडायची थांबेना,
म्हणून म्हटलं, हे आपल्या विहिरीजवळचं."

आणि ती रोज सकाळी
खरबरीत पानांवरून हात फिरवत
गावच्या बोलीत त्याला सगळं सांगायची,
कुणाचं लग्न, कुणाची शेळी व्यायली,
आणि ते परक्या मुलखाचं झाड
निमूट ऐकून घ्यायचं.

तेव्हाच मीही सांगायला हवं होतं फळीचं.
तोंड उघडलं होतं मी.
नर्स गोळ्या घेऊन आली.

एप्रिलमध्ये उकरलं.
गालिच्याखाली बुरशी,
खोड काळं, बोटाने दाबलं तर पाणी सुटलं.
माझा भाऊ गाएतानो, उंबराचं फूल,
ईस्टरला म्हणून कॅल्गरीहून आलेला,
खिशात हात घालून म्हणाला, गेलं हे.
तो आत गेल्यावर मी बुडाची माती झाडली.
तिथे, जमिनीलगत, एक डोळा.
गव्हाच्या दाण्याएवढा. हिरवा.

फोन वाजला.
"उठवलं का?"
उठवलं.
"उभं आहे?"
उभं आहे, म्हणाले, आणि
त्याच्याएवढी व्हायला मातीत बसले.

"मग फोन जवळ धर त्याच्या."
धरला.
पापा पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलले.
त्यांना पोर्तुगीज येतं, मला ठाऊक नव्हतं.
दोनच शब्द. माफ कर, असेल.
किंवा नुसतंच,
ऊठ, उजाडलं.