फळी की पत्रा

गेल्या फाल्गुनात मुरारच्या एका नवरीची टाच
पॉन्टूनच्या तक्तपोशीतून आरपार गेली.
तिला लागलं नाही. सँडल मात्र तिघऱ्याच्या पाण्यानं ठेवून घेतली,
आणि मी बोट काठावर ओढली.

जनकगंजातून लालाराम ओझा आला.
त्यानं फळीवर नख दाबलं, नख आत गेलं.
म्हणाला, "प्लाय होता ना. साग लावला असता तर नातवाच्या लग्नापर्यंत..."
आणि सागाचा दर सांगताना
माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघत राहिला.
मग म्हणे, स्वस्तात हवं तर चीड घ्या,
हिरवं औषध पाजलेली. वाळवी फिरकत नाही.

हजिऱ्यातले इमदादभाई म्हणाले, चुकूनही नको.
त्या औषधात तांबं असतं. तुमचे खालचे नळे ॲल्युमिनियमचे.
ओल्यात दोघं एकमेकांना लागले
की ॲल्युमिनियम गपचूप खाल्लं जातं,
पांढरी भुकटी होत होत.
लावायचंच तर मध्ये रबर घाला.
मला हसू आलं. आम्ही दोघे भाऊ एका घरात,
बावीस वर्षं मध्ये आई होती.

मे महिन्यात दोन नमुने अंगणात ठेवले:
हातभर साग, हातभर पट्टेदार पत्रा.
भर दुपारी दोनला, सत्तेचाळीस डिग्रीत, अनवाणी उभा राहिलो.
सागावर वीसपर्यंत मोजलं.
पत्र्यावर 'एक' म्हणता म्हणता
तुळशीच्या कट्ट्यावर होतो.
गच्चीवरून भदौरियांनी विचारलं,
"मोहितेजी, कोई मन्नत मानी है का?"

रात्री दोन्ही हौदात बुडवले.
सकाळी साग छटाकभर जड झाला होता,
पत्रा होता तेवढाच.
काठीनं ठोकलं. साग 'हं' म्हणाला.
पत्रा इतकं बोलला की छपरावरची कबुतरं उडाली,
आणि मला पौषात येणारी बदकं आठवली,
जी बघायलाच लोक तिकीट काढतात.

म्हणजे साग. जवळजवळ ठरलंच.
दर दिवाळीला तेल पाजीन, गुडघे आहेत अजून,
हा हिशेब मी नलूसमोर केला नाही.

मग जुना तळ उचकटला.
फटींमध्ये नऊ वर्षांचं काय काय:
शेंगांची टरफलं, केसांच्या पिना,
काळं पडलेलं दोनाचं नाणं,
पोराचा दुधाचा दात की खडा, कळेना.
आणि चौकटीच्या कोपऱ्यात, चिखलानं भरलेलं,
नलूचं जोडवं.

पहिल्या फेरीच्या दिवशी हरवलेलं.
त्या दिवशी बोटीत डबऱ्याच्या बेबीवन्सं होत्या.
नलूनं तोंडानं कधी काही म्हटलं नाही.
फक्त नऊ संक्रांतींना
डबऱ्याला तिळगूळ गेला नाही.

मी जोडवं तिच्या तळहातावर ठेवलं.
ती पदरानं पुसत राहिली,
स्वच्छ झालं तरी पुसत राहिली.
मग म्हणाली, "पत्र्याला फट असते का?"
नसते, म्हटलं. एक पट्टी दुसरीत अडकते.
"म्हणजे पडलं ते वर दिसेल.
पाण्यात गेलं, तर जातानाही दिसेल."
हो.
"मग पत्राच घाल."

सागाचं बोलायचं राहूनच गेलं.

आता इमदादभाईंची पोरं रिव्हेट ठोकतायत,
नळे आतून घुमतायत,
बदकांना काय वाटायचं ते वाटो.
उन्हासाठी चार पोती आणलीत,
भिजवून पायांखाली टाकायला.

नलू आत फोन घेऊन बसली आहे.
डबऱ्याचा नंबर लावते, एक घंटी झाली की कापते.
ऊन उतरेपर्यंत तीनदा.
चौथ्यांदा तिकडूनच वाजला.
"वहिनी, काय गं, सारखी कापतेस?"
नलूनं बोटातलं जोडवं अंगठ्यानं फिरवलं.
"काही नाही वन्सं," म्हणाली,
"बोट नवी करतोय.
बसायला या."