डावा पीळ

माझ्या दाराशी सगळे आपापली चिलखतं उतरवतात.
ताईत, चांदीचा करगोटा, मंगळसूत्र,
बनियनला आतून टाचणीनं अडकवलेला
दर्ग्याचा हिरवा धागा.
स्टीलच्या ट्रेमध्ये मी ते ठेवून घेतो
आणि उघड्या छातीला म्हणतो,
हनुवटी वर. खांदे पुढं.
श्वास भरून घ्या. रोखून धरा.
सोडा.

सत्तावीस वर्षं, मिरजेत, याच तळमजल्यावरच्या... नाही,
आधी तळमजला होता, पुरानंतर वर आणलं मशीन.
छातीचा कोट केला म्हणतात ना लढाईच्या गोष्टीत,
तो कोट मी रोज आतून बघतो:
बारा बारा कमानी, मधे धुकं,
आणि एका बाजूला कलून बसलेला कैदी.

मी स्वतः शिशाचा एप्रन घालतो. साडेपाच किलो.
इथला बाण दिसत नाही, एवढंच.

गुरुवारी ओपीडी संपल्यावर रणनवरे आले.
खानापूरकडचे, निवृत्त तलाठी.
हळदीचं पोतं टेबलावर ठेवलं,
आत विहिरीचा रहाट सुटल्यासारखं काहीतरी खळाळलं.
"खापरपणजोबांचं म्हणतात. गंजून गोळा झालंय.
घासायला द्यायच्या आधी
आतल्या कड्या शाबूत आहेत का, तेवढं बघा.
आणि रजिस्टरला घेऊ नका."

बाह्या पिवळ्या होऊन बाहेर आल्या.
आडनाव रणनवरे, अंगाला हळद.
मी हसलो नाही.
बेशुद्ध माणसाला निजवतात तसं निजवलं,
हात पसरून, मानेची जागा सरळ करून,
आणि सवयीनं ओठावर आलेलं
"श्वास भरून घ्या" गिळून टाकलं.

पडद्यावर कड्याच कड्या,
प्रत्येकीच्या पोटात चार,
प्रत्येकीला खिळ्याचा एक तीळ.
भरलेल्या कणसासारखं दाट.
फक्त डाव्या बरगडीखाली, तळहाताएवढ्या जागेत,
तीळ नाहीत.
दुसरीच तार. पितळ असावी.
टोकं एकमेकांत पिळलेली, दोन वेढे,
तेही उलटे.

हा पीळ आमच्या घरातला.
तलवारींची गिऱ्हाइकं संपली
तेव्हा शिकलगारांकडं सतारी आल्या.
आजोबा दस्तगीर डावखुरे, त्यांचे वडीलही.
तारेचा फासा उलटा पडायचा,
गवई कुरकुर करायचे आणि पुढल्या वर्षी परत यायचे.
भोपळा छातीशी धरून आजोबा
बोटाच्या पेरानं टकटक करायचे,
कुठं पातळ आहे ते ऐकत.
त्यांच्याही मागचा असेल कुणी. नसेलही.
मिरजेत डावखुऱ्यांना काय तोटा.

"काय दिसतंय?"
कड्या शाबूत आहेत. इथं भोक होतं, बुजवलंय.
"लागलं होतं म्हणजे?"
भाला असेल. कडेच्या कड्या आत वळल्यात.
"मग वाचला का?"

हे मला सगळेच विचारतात,
फिल्म उजेडाकडं धरून, उलटी.
मी म्हणतो, डॉक्टरांना विचारा.
त्या दिवशी डॉक्टर नव्हते.

वाचलेला माणूस चिलखत सांधून घेतो.
मेलेल्याचं, त्याचा मुलगा सांधून घेतो.
तार दोघांनाही तेवढीच लागते.
कुणीतरी दिवा जवळ ओढून
त्या भोकात बोट घालून बघितलं असेल,
मग म्हणालं असेल, परवा या.

असं काही मी बोललो नाही.
घासू नका, तेल लावून ठेवा, म्हणालो.

ते गेल्यावर ट्रेमध्ये ताईत दिसला.
धातू काढून ठेवा, ही पाटी वाचून
त्यांनी स्वतःचाच उतरवला होता,
फोटो त्यांचा नव्हता तरी.
मी खिडकीतून हाक मारली.
पोतं खांद्यावर, जिना परत चढणं होईना.
"टाका खाली," म्हणाले.
मी टाकला.
हात रिकामा नव्हता.
त्यांनी तो छातीवर झेलला.