रकाना: इतर

माझं काम हात मोजण्याचं.
पुन्ता अरेनासच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
चौथ्या आणि पाचव्या खाटेमधल्या खांबाला टेकून
औषधांची यादी तपासतेय असं दाखवत
मी वीस मिनिटं उभी राहते.
रोग्याला हात लावण्याआधी. लावल्यावर.
धुतले, चोळले, विसरले.
कागदावर चार रकाने:
डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, इतर.

डॉक्टर मार्तिनिच आधी धुत नाहीत,
नंतर धुतात, पार कोपरापर्यंत.
बहुतेकांचं तसंच.
आपल्याला लागू नये म्हणून माणूस लगेच धुतो;
आपलं कुणाला लागेल, हे त्याला आठवावं लागतं.

ही सवय घरीही येते.
वारा सुटला की चौकात दोर बांधतात,
म्हातारीकोतारी उडून जाऊ नयेत म्हणून.
मी दोर धरते आणि
माझ्याआधी कुणी कुणी धरला असेल ते मोजत राहते.
बहिणीकडे मातेचा पेला फिरतो, कडू, वाफाळता,
एकच नळी सगळ्यांच्या ओठांतून.
माझ्यापाशी आला की मी म्हणते, पोट बरं नाही.
बहीण म्हणते, पावलीना,
तुझं पोट नऊ वर्षं बरं नाही.

ऑगस्टमध्ये तिघांना ताप आला.
खाट चार. मग पाच. मग पुन्हा चार,
म्हणजे त्या खाटेवरचा नवा माणूस,
पोर्वेनीरचा, मेंढ्या कातरणारा,
झोपेतही बोटं मिटायची-उघडायची त्याची.
प्रयोगशाळेनं कळवलं: तिन्ही जंतू एकाच कुळातले.
मी हात धुवून हातांच्याच मागे लागले.
तपासणी दुप्पट. दारादारावर फलक.
एक नवी पोरगी साठवणीच्या खोलीत जाऊन रडली.
शंभरात त्र्याण्णव हात स्वच्छ,
आणि ताप तसाच.

रात्री अडीचला एर्मिंदा मान्सिया फरशी पुसत होती.
चिलोए बेटावरची. बोलणं बेताचं.
पोतेरं पिळता पिळता म्हणाली,
"सेन्योरा, तुम्ही हात बघता. बेसिन बघता का?"
उरलेलं ग्लुकोज इथंच ओततात. गार झालेला चहाही.
त्या भोकाला गोडाची चटक लागलीय.
नळ सोडला की धार थेट जाळीवर, आणि मग
तिनं खिशातून पावाच्या दुकानाची पावती काढली,
पाचव्या खाटेच्या ट्रेवर ठेवली,
नळ सोडला, बंद केला,
पावती दिव्यापाशी धरली.
अकरा ठिपके.
तेही मी मोजलेच.

म्हणजे जे जे हात मी 'धुतले' म्हणून लिहिले
ते ह्याच नळाखाली.

कधीपासून माहीत होतं?
"रोज घासते मी. बुळबुळ दुसऱ्या रात्री परत."
मग सांगितलं का नाहीस?
ती पोतेऱ्याकडे बघत राहिली.
कुणाला, असं तिनं विचारलं नाही.

बेसिन काढलं. भिंतीला नवा गिलावा,
रंग काही जुळला नाही.
समितीच्या इतिवृत्तात लिहिलंय: निचऱ्यात दोष आढळला.
आढळला.
ह्या क्रियापदाला माणूस लागत नाही.
मेंढ्या कातरणारा त्याआधीच गेला होता;
त्याची बायको बोटीनं आली, दोन दिवस उशिरा,
वारा होता म्हणून.

मी वर्षभराचे कागद काढून बसले.
चौथा रकाना पानामागून पान कोरा.

काल पहाटे एर्मिंदानं हातमोजे उतरवले.
क्लोरीननं पेरापेराला भेगा.
दाराजवळच्या नव्या नळाखाली तिनं हात धुतले, सावकाश,
अंगठ्याच्या मागून, नखांच्या आतून.
चरचरलं असणार. तोंड जरासं बाजूला केलं, एवढंच.
कुणी बघत नाहीये असं तिला वाटत होतं.
मी पेन शोधत होते.