उजव्या बाजूचा सराव

उदगीरच्या बाहेर, देवणी रोडला,
एका न खपलेल्या प्लॉटिंगमध्ये
सकाळी सहाला आमचा समुद्र सुरू होतो.
मुरमाचे रस्ते, चुना मारलेले दगड.
खांब आहेत, तारा नाहीत.
कमानीवर नाव आहे, नगर नाही.

आप्पा चालवतात.
एकतीस वर्षं उदगीर डेपो,
कपाटात विनाअपघात बिल्ला,
आणि येत्या सप्टेंबरात क्रोएशिया.
पैसे माझे, हट्टही माझाच.
स्टिअरिंग तिकडे डावीकडे असतं, त्याला इथं इलाज नाही;
निदान रस्ता तरी उजवा धरू, म्हणाले.
मागं गौसचाचा, रिटायर कंडक्टर.
ते येणार नाहीत आमच्यासोबत.
ते फक्त इथपर्यंत येतात.

जुन्या वेबिलाच्या पाठीवर त्यांनी मार्ग उतरवून घेतलाय :
स्प्लिट. ब्राच. ह्वार. कोर्चुला.
"ह्यातली मुक्कामी कोणती?"
सगळ्याच मुक्कामी, चाचा.
"मग ड्रायव्हरला अंथरूण कोण देतंय?"

प्लॉट नंबर चौदा म्हणजे ब्राच.
खडीचा ढीग, ह्वार.
कोर्चुलावर कुणीतरी तूर पेरलीय,
मालकाला न विचारता, गुडघ्याएवढी झालीय.
वळण आलं की आप्पांचे हात
डावीकडे जातात, संध्याकाळी गाय गोठ्याकडे जावी तसे.
उजवीकडे, आप्पा.
"कळायलंय की."
त्यांना कळतं. हातांना कळत नाही.
शेळ्यांमागचा पोरगा थांबतो :
"काका, उलट्या बाजूनं चाललाव तुम्ही."
गौसचाचा काच खाली करतात,
"आम्ही परदेशात हाव, बाबा."

मग फेरी.
ह्या एका शब्दात दोन दिवस गेले.
आप्पांची फेरी म्हणजे उदगीर-निलंगा, सकाळची.
ती लागते, सुटते,
कधी फळ्यावर खडूनं रद्द होते.
तिकडं फेरी म्हणजे जहाज, आप्पा.
जबडा उघडून काठाला उभं.
गाडी आपणच आत न्यायची, बंद करायची,
आणि बंद गाडीत बसून पुढं जायचं.
हे शेवटचं त्यांना पटलं नाही.
"इंजिन बंद, आन् किलोमीटर कुणाच्या नावावर?"

प्लॉटिंगच्या टोकाला दगडाची खदान.
पावसाचं पाणी साठलंय, उतार धक्क्यासारखा,
काठाशी वजनकाट्याचा जुना सिमेंटचा ओटा.
हेच जहाज समजा, चढवा.
आप्पा फर्स्टमध्ये उतरतात
आणि पाणी दिसताच हँडब्रेक ओढतात.
रोज. इथंच.

एकदा तिरूच्या पुलावरून पाणी चाललं होतं.
बावन्न प्रवासी, त्यात एक बाळंतीण,
लोक ओरडत होते, घोट्याएवढंच हाय, घाला गाडी.
उजाडेपर्यंत हलले नाहीत.
बिल्ला त्या रात्रीचा.
उशिराचा मेमोही त्याच रात्रीचा.

"पाणी दिसलं की थांबायचं असतं," ते म्हणतात,
माझ्याकडे न बघता.
मी काय बोलणार.
मी तरी समुद्र कुठं पाहिलाय?
नकाशात निळा होता, आणि तिकिटावर तर तेवढाही नाही.

मागं खिशात काहीतरी खुळखुळतं.
गौसचाचांचा तिकिटाचा चिमटा,
डेपोत जमाच केला नाही म्हणे.
दोरी नाही, घंटा नाही,
तो काचेवर दोनदा वाजतो.

आप्पांचा क्लच सुटतो, आप्पांना कळायच्या आत.
पुढची चाकं ओट्यावर. मागची.
किल्ली फिरते, गाडी गप्प.

"आता?"
आता काही नाही, आप्पा. आता आपण जातोय.

वाऱ्यानं पाणी एकाच बाजूला सरकत राहतं,
आणि थोडा वेळ खरंच कळत नाही
कोण सरकतंय.

"किती लागतात?"
पन्नास मिनिटं.
गौसचाचा थर्मासचं झाकण उघडतात.
आप्पा मागं हात करून वेबिल मागतात,
मनगटावरचं घड्याळ उजेडाकडे धरतात,
आणि ब्राचच्या पुढे लिहितात :
सुटली, ६.४२.