मशीनीतला हिवाळा

सावद्याच्या बाहेर, फैजपूर रस्त्याला,
केळीच्या गाड्या थांबतात तो वजनकाटा माझा.
म्हणजे मालकाचा. माझी फक्त खुर्ची,
तिच्यावरची चपटी झालेली उशी, आणि माऊस.

आज सव्वासातला ‘तोलाई’ उघडेना.
दोनदा टिचकी मारली की
निळं कडं गरगरतं, थांबतं, नाहीसं होतं.
चूक सांगत नाही, नंबर दाखवत नाही.
एखाद्यानं खिडकीतून आपल्याला बघावं
आणि कडी न काढताच आत निघून जावं, तसं.

बंद करून चालू केलं.
पुन्हा. तिसऱ्यांदा हात जोडून.
डोंगल उपसलं, ओढणीला पुसलं,
दुसऱ्या भोकात खुपसलं.
अँटीव्हायरसला म्हटलं, जरा बाजूला हो बाबा.
जळगावच्या बेंडाळेंना फोन लावला. ते म्हणाले,
‘काल काय बदललं?’
काल रात्री लाइट गेली, पहाटे आली,
हे काय बदलणं झालं?
‘मग काढून परत टाका.’
परत टाका!
आत नऊ वर्षांच्या पावत्या,
बाहेर अकरा ट्रक.

आणि गंमत बघा, काटा तोलत होता.
लाल आकडे ठणठणीत.
रुसला होता तो फक्त लिहून घेणारा.
पावतीबुक काढलं, पेन झटकलं,
पण हातानं लिहिलेलं वजन अडत्याला आता खोटं वाटतं.
हरियाणाचा ड्रायव्हर टायरला लाथ मारून आला,
‘मॅडम, गाडी में ही पक जाएगा माल.’
बरोबर होतं त्याचं.
शेहेचाळीस अंशात हिरवी केळी
कुणाच्या प्रोग्रामसाठी थांबत नाहीत.

रुबाब तडवी माठावर पाणी प्यायला आला,
तांब्या तोंडाला, नजर माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात.
‘ताई, तुह्या मशीनीत तं हिवाया हाये.’

१ जानेवारी २०१०. शुक्रवार.

म्हणजे त्याच्या पोटात कालची पावती,
आणि भिंतीवर त्याच्या जन्माआधीचं कॅलेंडर.
खोटं लिहायची वेळ येऊ नये
म्हणून त्यानं तोंड मिटून घेतलं.
सकाळपासून मी त्याला मुडदा म्हणत होते.
साऱ्या आवारात इमानदार तो एकटाच.

बाण दाबत पुढं आले, महिन्यामागून महिना.
एका जूनमध्ये वादळानं उभ्या बागा निजवल्या होत्या,
तिथं बोट जरा अडखळलं.
एका फेब्रुवारीत माझं लग्न. तो भर्रकन ओलांडला.
मे आला. आजची तारीख आली.
‘तोलाई’ उघडला, काहीच न झाल्यासारखा.

सात गाड्या सुटल्या.
बाराला लाइट पुन्हा गेली, पुन्हा आली,
आणि मशीनीत पुन्हा थंडी.

मग डबाच खोलला.
धूळ, एक मेलेला मुंगळा, पालीच्या अंड्याचं टरफल,
आणि रुपयाएवढी एक टिकली, तिच्यातला जीव संपलेला.
ही टिकली तारीख धरून ठेवते,
अंधारात, कुणी बघत नसताना.
तसली सावद्यात कुठं मिळायची?
विसपुते सोनारांनी आपल्या खिशातल्या काट्यातली काढून दिली.
‘सांजपर्यंत आणून दे वं, लग्नसराई हाये.’
गुंजभर सोनं तोलणाऱ्या काट्याच्या जिवावर
केळीनं भरलेला ट्रक तोलला मी दुपारभर.

जुनी टिकली टाकवेना.
दोन गाड्यांच्या मधे, काटा रिकामा असताना,
चपला काढून, चटके सोसत,
ती पत्र्याच्या मधोमध ठेवून आले
आणि आत येऊन आकडा बघितला.
शून्य.
थोडा वेळ थांबले, तरी शून्यच.

हरियाणावाल्यानं हॉर्न दिला.