दहिवरातला आराखडा

हॅदरसेजच्या माळावर माझी वाट
कागदावर तीन वळणं घेते.
तिसऱ्या वळणापर्यंत
दरी दिसू द्यायची नाही,
असं मी ठरवलेलं. मंजूरही झालं,
सहीशिक्क्यानिशी.

लोक दुसऱ्याच वळणाला
कुंपणाच्या फटीतून घुसतात.
हेदरची झुडपं चेंगरली, चिखल झाला.
मी पाटी लावली.
पाटीला धरून कुणीतरी
बुटातला खडा काढला.

दगड रचणारा विल्फ म्हणाला,
थंडी पडू दे. मग ये एकदा,
सातच्या आत.

गेले.
गवतावर दहिवर, मीठ सांडल्यासारखं,
त्यावर कुत्री फिरवून गेलेल्यांची
एकच हिरवी रेघ.
खडकाला वळसा, ओल चुकवून,
आणि एका जागी बरीच घुटमळलेली,
जिथे मी बाक ठेवला नव्हता.

विल्फनं चहाचा थर्मास तिथेच टेकवला.
बोलला काहीच नाही.

खाली गाडीपाशी आल्यावर
छत्री वर राहिल्याचं आठवलं.
धावत जाऊन आणली.
दार लावताना सहज वर पाहिलं:
फटीतून सरळ आरपार
जातानाचे, येतानाचे ठसे.
ताजे.
साडेचार नंबरचे.